खोकं उघडण्याआधी: दानात आलेलं शालेय साहित्य कसं वाटावं

यवतमाळ जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत मी शिकवते. सेवेचं हे सतरावं वर्ष. पहिली ते चौथी, पट ३४. त्यातली १३ मुलं पोडावरची. कोलाम आदिवासींच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. गाव आणि पोड यांच्यात दीड किलोमीटरची वाट आणि एक नाला. नाला भरून वाहिला की त्या दिवशी हजेरीपटावर तेरा जणांची गैरहजेरी ठरलेली.

पाठ्यपुस्तकं आणि गणवेश मुलांना शासनाकडून मिळतात. तुटवडा असतो वह्या, पेन्सिली, रंग, कात्री, पट्टी यांचा. पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं जोडण्याचा प्रयोग २०२३-२४ पासून दोन वर्षं झाला, मग तो थांबला आणि वह्यांची गरज पुन्हा होती तिथे आली. ही गरज दरवर्षी कुणी ना कुणी भागवतं. कधी नागपूर-पुण्याची माणसं, कधी याच शाळेत शिकून नोकरीला लागलेला एखादा जुना विद्यार्थी. साहित्य येतं. ते वाटायचं कसं, हे मात्र डी.एड.ला कुणी शिकवलेलं नसतं. नव्या शिक्षकांसाठी म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. आधीच्या शाळेत होते तेव्हा १५ ऑगस्टला ३५ दप्तरं आली. पट होता ४१. सहा कमी. ज्यांची हजेरी चांगली त्यांना आधी, असं मीच ठरवलं आणि मला ते न्यायाचं वाटलं. नावं पुकारली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. उरलेली सहा मुलं एकाच वस्तीतली होती. जुलै-ऑगस्टमध्ये आया निंदणाला जात, तेव्हा धाकट्या भावंडांना सांभाळायला ती घरी राहत. म्हणून हजेरी कमी. त्या दुपारी खिचडीच्या पंगतीत ती सहा जणं वेगळी जाऊन बसली. कुणी बसवलं नव्हतं. पुढे कितीतरी महिने खेळायला गडी वाटून घेतानासुद्धा नवी दप्तरं एकीकडे आणि जुनी दप्तरं एकीकडे. ती फाळणी मी केली होती, चांगल्या मनाने आणि चांगल्या नायलॉनच्या दप्तरांनी. तिथून बदली होऊन मी निघाले तेव्हाही ती पुरती बुजलेली नव्हती.

भागायचं कशाने?

खोकं आलं की त्याच दिवशी वाटू नका. आठवडाभर तसंच राहू द्या. आधी पोच द्या, संपणाऱ्या वस्तू साठा नोंदवहीत आणि टिकणाऱ्या जडसंग्रह नोंदवहीत चढवा, आणि शाळा व्यवस्थापन समितीला खोकं दाखवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य आई-वडील किंवा पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. आमच्या समितीत पोडावरच्या दोन आया आहेत. काय आलं, किती आलं हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असलं की "गावातल्याइलेच देल्लं" अशी बोलणी नंतर होत नाहीत.

मग खोकं मुलांसमोर उघडा आणि मोजणी त्यांनाच करू द्या. दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस मला लख्ख आठवतो. दहा-दहाच्या बारा पेट्या, म्हणजे १२० पेन्सिली. नाला भरलेला, वर्गात २१ मुलं. मी फळ्यावर १२० लिहिलं आणि म्हटलं, वाटा.

चौथीतल्या एका मुलाने झटकन सांगितलं, "मॅडम, एकवीसनं भागलं त पाच-पाच येते, पंधरा उरते."

मी काही बोलले नाही. खडू हातात धरून उभी राहिले. थोड्या वेळाने तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "पन आपन त चौतीस हावो."

वर्गात शांतता. मग कुणीतरी चौतीसने भागलं. तीन-तीन येतात, अठरा उरतात. पाचाच्या तीन झाल्या तेव्हा एकदोघांचे चेहरे पडले, ते मी पाहिलं. पण त्या मुलीचं म्हणणं कुणी खोडलं नाही. भागाकार पटाने करायचा, हजेरीने नाही, हा आमच्या शाळेचा पहिला नियम त्या दिवशी मुलांनी केला. गैरहजर मुलांचा वाटा आधी बाजूला काढायचा, नाव लिहून, वर्गातल्याच एका मुलाच्या ताब्यात द्यायचा. नाला उतरल्यावर पोडावरची मुलं आली, तेव्हा त्यांच्या पेन्सिली त्यांना माझ्या हातून मिळाल्या नाहीत. गावातल्या मुलांनी त्या सांभाळून ठेवल्या होत्या आणि त्यांनीच दिल्या.

उरलेल्या अठरांचं काय करायचं यावर अर्धा तास चर्चा झाली. चौथीवाल्यांचं म्हणणं, आमचं लिहिणं जास्त, आम्हाला द्या. पहिलीतली एक चिमुरडी म्हणाली, "ज्याची हरपते त्याले द्या." ठरलं तेच. तुमच्याकडेही बाकी उरेल. ती शिक्षकाने ठरवून टाकू नये, मुलांसमोर ठेवावी. नेमकी वाटणी होईल एवढंच साहित्य आलं असतं तर ही चर्चा झालीच नसती, असं मला पुष्कळदा वाटतं.

तीन ढीग

मोजणी झाली की साहित्याचे तीन ढीग करते: आपापलं, गटाचं आणि गुपचूप द्यायचं.

आपापलं म्हणजे वह्या आणि लिहायच्या पेन्सिली. वही सामायिक करू नका. मुलाच्या आयुष्यात स्वतःचं नाव घातलेली वस्तू कितीदा असते? आमच्या कित्येक मुलांची वही हीच तशी पहिली वस्तू. वह्या देताना रेघा पाहून द्या. पहिली-दुसरीला चौरेघी आणि दुरेघी लागते. दान मात्र बहुतेक वेळा दोनशेपानी एकरेघीचं येतं. पहिलीच्या मुलाला ती दिली तर अक्षरं सैरावैरा पळतात. अशा वह्या जवळच्या वरच्या वर्गांच्या शाळेला देऊन बदल्यात चौरेघी घेतल्याचं मी दोनदा केलं आहे. तालुक्याच्या बाजारातला दुकानदारही बदलून देतो, फक्त वह्या कोऱ्या आणि कव्हर न मुडपलेली असावी लागतात.

गटाचं म्हणजे रंग, कात्री, डिंक, शार्पनर, पट्टी, घोटीव कागद. यावर पुढे पुष्कळ सांगायचं आहे.

गुपचूप द्यायचं म्हणजे चपला, स्वेटर, दप्तर. ही गरज प्रत्येकाची नसते आणि ज्याची असते त्याला ती चारचौघांत दाखवायची नसते. यासाठी कधीही नाव पुकारू नका. कुणाला काय हवं हे आमच्या शाळेत सगळ्यात आधी कळतं ते पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना. कोण अनवाणी येतं, कोण डिसेंबरच्या थंडीत चुलीला चिकटून उभं राहतं, त्या मला हळूच सांगतात. शाळा सुटल्यावर, मूल एकटं असताना किंवा आईच्या हाती, ते द्यायचं. तिसऱ्या ढिगातली वस्तू कुणाला गेली हे वर्गात कळता कामा नये. माझ्या सहकारी सरांनाही मी कधी विचारत नाही, ते मलाही विचारत नाहीत.

गटाचा डबा

३४ मुलांचे सहा गट: चार गट सहाचे, दोन पाचाचे. प्रत्येक गटात चारही वर्गांची मुलं आणि गावातली-पोडावरची मिसळून. मुलांना आपापले गट निवडू दिलेत तर जुन्याच ओळी पडतात. म्हणून पहिल्या वर्षी गट मी पाडले. पुढच्या वर्षापासून चिठ्ठ्या टाकल्या.

डबा प्लॅस्टिकचा, घट्ट झाकणाचा घ्या. पुठ्ठ्याच्या खोक्यात आम्ही पहिल्यांदा ठेवलं, दिवाळीच्या सुट्टीत उंदरांनी आणि वाळवीने त्याची चाळण केली.

आता डब्यात किती वस्तू ठेवायच्या, ही खरी मेख. प्रत्येकाला एकेक पुरेल एवढ्या ठेवल्या तर मुलं मान खाली घालून आपापलं काम करतात. शेजारच्याशी बोलायची गरजच पडत नाही. फार कमी ठेवल्या तर हिसकाहिसकी होते आणि दांडगं मूल जिंकतं. मधला आकडा शोधायला मला दोन वर्षं लागली. दोघांत एक खोडरबर चालतं. तिघांत बारा रंगांची एक पेटी उत्तम चालते, "तुझं आभाळ झालं का? निळा दे" हे बोलणं सुरू होतं. सहा जणांत दोन कात्र्या पुरतात, पण कात्री बोथट टोकाची हवी. सहा जणांत एक शार्पनर मात्र अजिबात चालत नाही. श्रुतलेखनाच्या वेळी सगळ्यांची टोकं एकदमच मोडतात, आणि रांगेत शेवटी उभं राहतं ते कायम पहिलीतलं मूल. शार्पनर तीन ठेवा. डिंकाची बाटली एकच, कारण ती सांडते.

डब्याला दर आठवड्याला एक कारभारी. शनिवारी शेवटच्या तासाला जुना कारभारी नव्याच्या हाती डबा देतो, दोघं मिळून मोजतात, झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर आकडा लिहितात. पहिलीतलं मूलही कारभारी होतंच, चौथीतलं त्याच्याबरोबर बसून मोजतं. मोठ्या मुलांनाच कारभारी करायचा मोह होईल, कारण काम नीट होतं. तसं करू नका. गेल्या वर्षी पोडावरची एक मुलगी होती, जुलैपासून वर्गात एक शब्द बोललेली नव्हती. घरी कोलामी बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा त्याच्या कानावर मराठी अशी पडते जशी आपल्या कानावर तेलुगू पडावी. मुळात दोन्ही भाषांची कुळंच वेगळी. कोलामी द्राविडी कुळातली. ती मुलगी कारभारीण झाली त्या आठवड्यात तिला बोलावंच लागलं, कारण पाच जणं तिच्याकडेच मागायला येत होती. तिचं शाळेतलं पहिलं मराठी वाक्य होतं, "कात्री वापस दे."

गटांची नावं मुलांनी झाडांवरून ठेवली: पळस, मोह, तेंदू, साग, चारोळी, बेहडा. डब्यावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा पोडावरच्या एका मुलाने विचारलं, आमच्या भाषेतलं नाव लिहू का? लिही म्हटलं. आता प्रत्येक डब्यावर दोन नावं आहेत, दोन्ही देवनागरीत. तो आठवडाभर गावातल्या मुलांना उच्चार शिकवत फिरत होता आणि चुकलं की मान हलवायचा, मी हलवते तशीच. दानात आलेल्या एका मार्कर पेनाने ते घडवलं. तुमच्या शाळेत गोंडी असेल, कोरकू असेल, बंजारा असेल. डब्यावर ती भाषा आलीच पाहिजे.

हरवलं, मोडलं, खिशात गेलं

दंड ठेवू नका. रुपया-दोन रुपयांचा दंडही ज्याच्याकडे नाही ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही. आमचा नियम एवढाच: हरपलं तर सांगायचं. कारभारी ते वहीत लिहितो आणि त्या उरलेल्या अठरांच्या साठ्यातून नवी वस्तू देतो. पहिल्या महिन्यात साठा भराभर संपतो, घाबरू नका. दुसऱ्या महिन्यात मुलं बाकाखाली शोधायला लागतात.

चोरीबद्दल थोडं जपून लिहिते. दुसरीतल्या एका मुलाच्या खिशात तीन रंग सापडले. वर्गात कुजबुज सुरू झाली. मी त्याला बाहेर नेलं, विचारलं, तर म्हणाला, "बहिनीले दाखवाले नेत होतो." बहीण चार वर्षांची. घरात रंग कधी आलेलेच नव्हते. त्या दिवसापासून आम्ही एक पिशवी केली: बारा मेणखडू, दहा कोरे कागद, एक गोष्टीचं पुस्तक. दर शुक्रवारी ती एका घरी जाते, सोमवारी परत येते. पहिली पाळी त्याची. सोमवारी पिशवीतून त्या बहिणीने काढलेले चार कागद आले, नुसते गोल गोल. ते वर्गात लावले. कुजबुज तिथेच संपली. पिशवी आता वर्षभर फिरते आणि घरातली आजी-आजोबा मंडळीही कागदावर रेघोट्या मारून पाठवतात. एका आजीने दारासमोर काढते तीच रांगोळी मेणखडूने काढून दिली होती.

तान्हा पोळा

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा तान्हा पोळा भरतो. लाकडी नंदी सजवून मुलं घरोघरी जातात, लोक त्यांना बोजारा देतात, म्हणजे खाऊ किंवा पैसे. ज्याच्या घरी चाकाचा मोठा नंदी तो ऐटीत पुढे, ज्याच्याकडे काहीच नाही तो ओट्यावरून पाहतो.

दानाची खोकी फेकू नका, ती यासाठी ठेवा. तीन वर्षांपासून प्रत्येक गट एक पुठ्ठ्याचा बैल करतो. घोटीव कागदाची झूल, डब्यातल्या रंगांचे डोळे, कापसाच्या वातींची माळ. बैल एवढा मोठा करायचा की एकट्याला उचलता येऊ नये. ही अट मी घातली. दोघं-तिघं मिळून तो गावातून फिरवतात, मग नाला ओलांडून पोडावर नेतात. गावातल्या काही मुलांनी पोडावर पहिल्यांदा पाऊल ठेवलं ते या बैलामागून. गेल्या वर्षी सगळ्या गटांचा मिळून २७० रुपये बोजारा जमला. काय करायचं ते मुलांनी ठरवलं: अंगणवाडीला मेणखडूंच्या पेट्या. द्यायला गेली तेव्हा तिथेही तोच प्रश्न आला, किती पेट्या आणि किती मुलं. माझी मुलं अंगणवाडीताईंना सांगत होती, "आज आलेले नोका मोजू, पट सांगा."

देणाऱ्यांना काय लिहावं

साहित्य देणारी माणसं मनापासून देतात. त्यांना नेमकं सांगितलं तर आनंदाने ऐकतात, असा माझा अनुभव आहे. न सांगता नंतर नाराज होणं बरोबर नाही. मी असं पत्र पाठवते:

"आमचा पट ३४ आहे. चौरेघी वह्या १६ मुलांना, एकरेघी १८ मुलांना लागतात. रंगपेट्या १२ पुरेत. सगळी दप्तरं एकाच रंगाची असावीत. ३४ जमत नसतील तर दप्तरांऐवजी गटाला लागणारं साहित्य द्यावं. वस्तूंवर देणाऱ्याचं नाव छापू नये. मुलाच्या हातात वस्तू देतानाचा फोटो आम्ही काढत नाही. मुलांनी त्या साहित्यातून काय केलं त्याचा फोटो आणि मुलांचं पत्र जरूर पाठवू. आपण येणार असाल तर वाटपाला नको, एखाद्या शनिवारी या आणि मुलांबरोबर गटात बसा."

एकदोघांनी या पत्रानंतर देणं थांबवलं. बाकीचे आले, बसले, एका काकांनी तर दोन तास पुठ्ठे कापून दिले.

वेळेचंही सांगा. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडते, विदर्भात उन्हामुळे जूनच्या अखेरीस. आधी आलेलं खोकं बंद शाळेच्या दारात पडून राहतं. आणि सगळं जूनमध्येच नको. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मुलं गळतात, काही आईबापांबरोबर बाहेरगावी जातात. ती परततात तेव्हा वह्या संपलेल्या किंवा हरवलेल्या असतात. अर्धं साहित्य दिवाळीनंतर मागवा, किंवा स्वतःच कुलपात ठेवा. परत आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी कोरी वही आणि त्याच्या गटातली त्याची जागा मिळाली पाहिजे.

ओळखीतून देणारे मिळत नसतील तर केंद्र शासनाचं विद्यांजली पोर्टल आहे, सध्याच्या रूपात ते २०२१ पासून चालतं. शाळेने तिथे गरज नोंदवली की देणाऱ्याला ती दिसते. मोघम लिहू नका, आकडे लिहा.

एप्रिलचं काम

सुट्टी लागण्याआधी सहाही डबे रिकामे करून मोजतो. मेणखडू टिनाच्या छपराखाली ठेवायचे नाहीत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की त्यांचा एकच गोळा होतो. ते आम्ही स्लॅबच्या खोलीत, खालच्या फळीवर ठेवतो. डिंकाचं बूच घट्ट लावून बाटली उभी. कात्र्यांना तेलाचं बोट.

चौथीची मुलं पाचवीला दुसऱ्या गावी जातात. जाताना त्यांचं शेवटचं काम एक असतं. पुढच्या वर्षी पहिलीत येणाऱ्या मुलांची नावं अंगणवाडीताईंकडून आणायची आणि झाकणाच्या आत लिहायची. यंदा सात आहेत, तीन पोडावरची. सात वह्या, एकवीस पेन्सिली वेगळ्या बांधून ठेवल्या आहेत. चिठ्ठ्या टाकून गटही ठरले. पळसच्या डब्यात एक नाव चुकून दोनदा लिहिलं गेलं होतं, ते काल एका मुलीने खोडरबरने पुसलं आणि फुंकर मारून झाकण लावलं.